सकाळी पाणी ओढणारी मोटर दुपारी का सोडते? : विहिरीवरच्या एका पंपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं हे प्रकरण आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर. दोन भावांची सामाईक विहीर, खोली ४५ फूट, व्यास २० फूट. काठावरच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर ५ एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगात) मोटर, खाली पाणी वर आणणारा अडीच इंची सक्शन पाइप आणि टोकाला पाणी मागे जाऊ न देणारी झडप, फुटव्हॉल्व्ह, म्हणजे गावाकडचा फुटबॉल. रानात पाऊण एकर उन्हाळी भुईमूग आणि जनावरांसाठी थोडा घास.

ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. या लेखातली पाण्याची पातळी सगळीकडे काठावरच्या मूळ जागी असलेल्या पंपाच्या मध्यापासून खाली मोजली आहे. लोक विहिरीची खोली सांगतात, पाणी किती फुटांवर आहे तेही सांगतात, पण पंपापासून पाणी किती खाली आहे हे क्वचितच कोणी मोजतं. आणि इथे सगळं त्याच एका अंतरावर अवलंबून होतं.

डिसेंबरात पाणी ८ फुटांवर होतं आणि मोटर जोरात चालायची. थारोळ्यात पाइपाखाली २०० लिटरचा ड्रम ठेवला तर तो २५ सेकंदांत भरायचा, म्हणजे सेकंदाला ८ लिटर.

अडचण

मार्चच्या मध्यावर पाणी सकाळी १७ फुटांवर गेलं. साडेआठला थ्री फेज लाइट आली की मोटर नीट उचलायची, मात्र ड्रम भरायला आता ३२ सेकंद लागायचे. अकरानंतर धार बारीक व्हायची. बाराच्या सुमारास पाइपातून फसफस, धार तुटक, आणि मग मोटर नुसतीच फिरायची. पुन्हा पाणी भरून प्रायमिंग केलं तरी पाच-दहा मिनिटांत तेच. संध्याकाळपर्यंत थांबलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर पुन्हा चालू.

भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली येणारे देठ, जमिनीत शिरायची वेळ होती. त्या दिवसांत वरची माती कडक झाली तर आरी आत जात नाही आणि शेंग धरत नाही. त्यामुळे दिवसाआड अर्धी पाळी चुकवणं परवडणारं नव्हतं.

पहिले अंदाज

दुपारी बंद पडते म्हणजे मोटर तापते, असा घरच्यांचा पहिला अंदाज. ओलं पोतं टाकून पाहिलं, फरक पडला नाही. दुसरा अंदाज फुटबॉल गळतो हा. त्यासाठी नेहमीचा उपाय झाला: प्रायमिंगच्या तोटीतून शेणकाला ओतला. फुटबॉलची वादी खरोखर गळत असेल तर शेणकाल्याने ती तात्पुरती बसते, हा उपाय खोटा नाही. पण इथे मोटर चालू असताना पाणी तुटत होतं. बंद मोटरीतून पाणी खाली उतरत असतं तर गोष्ट वेगळी होती. हा फरक तेव्हा कोणी केला नाही.

तिसरा सल्ला वायरमनचा. "दादा, मोटर कमी पडतीया. साडेसातची बसवा."

पाहुण्यांकडे साडेसात एचपीचा मोनोब्लॉक पडून होता. विकत घेण्याआधी तो मागून आणून लावला. हा निर्णय चांगला होता, कारण पैसे अडकले नाहीत. त्याच पाइपावर, १७ फुटांवर, पंपातून गोटे फिरल्यासारखी खडखड सुरू झाली. ड्रम ३० सेकंदांत भरला, म्हणजे जवळजवळ जुन्याइतकाच वेळ. आणि बारापर्यंत थांबायची वेळच आली नाही, पाऊण तासात पाणी तुटलं. धाकट्या भावाने डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर पडणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला तेव्हा खडखड कमी झाली. सगळे चक्रावले ते इथे: वाट अडवल्यावर पंप शांत का होतो?

पंपाच्या आत काय चालतं

गावातल्या हायस्कूलचे विज्ञानाचे शिक्षक संध्याकाळी विहिरीवर आले. त्यांनी पाण्याची बाटली घेतली, झाकणाला भोक पाडून त्यातून नळी घातली आणि भोवतीची फट मेणाने बंद केली. थोरल्याला म्हणाले, ओढा. त्याने जोर लावला. एक घोट आला, मग काहीच नाही. मेणाला सुईने टोचलं तसं पाणी तोंडात आलं.

"सर, पण मोटर तर फिरतीया की," धाकटा म्हणाला.

मोटर फिरत होतीच. पण पंपाचा पंखा पाणी खेचत नाही, तो फक्त आपल्या मध्यभागी दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबून बसलेली असते, आणि तीच पाण्याला पाइपातून वर ढकलते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पंपात अगदी पूर्ण निर्वात झाली, तरी त्याहून वर पाणी येणार नाही. ओढपंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही ही नोंद गॅलिलिओने १६३८ साली केली होती. कारण स्पष्ट झालं ते काही वर्षांनी, तोरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीमुळे. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड, म्हणून तिथे तोच दाब ७६० मिलिमीटर पारा तोलतो.

मोटरीची अश्वशक्ती वाढवली तर पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला, जोर वाढतो. मागच्या बाजूला ढकलणारी हवा तेवढीच राहते.

हिशेब

आता या विहिरीचा जमाखर्च. ६५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याच्या स्तंभात तो सुमारे ९.६ मीटर भरतो. म्हणजे कोकणातल्या विहिरीच्या मानाने ७० सेंटिमीटर आधीच कमी. त्यातून खर्च असे:

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा त्याच्या वाफेचा दाब साधारण ०.४ मीटर. दाब याच्याही खाली गेला की पाणी पाइपातच उकळायला लागतं, उष्णतेशिवाय.

पंखा नीट चालण्यासाठी त्याच्या तोंडाशी काही दाब शिल्लक लागतो. कॅटलॉगमध्ये हा आकडा एनपीएसएच म्हणून छापलेला असतो. अशा पंपाला सेकंदाला ८ लिटर देताना सुमारे ३ मीटर, ४ लिटरला सुमारे २ मीटर.

पाइप, दोन बेंड आणि फुटबॉल यांतलं घर्षण. अडीच इंची पाइपात ८ लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला २.४ मीटर होतो आणि सुमारे २.१ मीटर दाब त्यातच जातो. घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून ४ लिटरला ते चौथ्या हिश्शावर, अर्ध्या मीटरवर येतं.

तर पूर्ण प्रवाहाला उरलं ९.६ वजा ०.४ वजा ३ वजा २.१, म्हणजे ४.१ मीटर: साडेतेरा फूट. पाणी त्याखाली गेलं की मोटर लगेच बंद पडत नाही, प्रवाह कमी करून तग धरते. अर्ध्या प्रवाहावर हिशेब ६.७ मीटरपर्यंत, म्हणजे २२ फुटांपर्यंत पुरतो. त्यानंतर पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे वाढतात, पाण्यात विरघळलेली हवाही सुटते आणि स्तंभ तुटतो.

दुपारचं कोडं इथेच सुटलं. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. झऱ्यांची आवक धरूनही मोटर तासाला फूट-दीड फूट पातळी खाली नेत होती. सकाळी १७ फूट, बारा वाजता २२. उन्हाचा संबंध नव्हता. रात्रभरात विहीर पुन्हा भरायची, म्हणून सकाळी सगळं ठीक वाटायचं.

साडेसातच्या पंपाची खडखडही यातच बसते. तो पंप ११ लिटर ओढायला बघतो. त्याच पाइपात ११ लिटरला घर्षण जवळपास ४ मीटर होतं आणि पंख्याची स्वतःची गरजही वाढते. मग उंचीसाठी उरतात जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. तोंडाशी झालेले बुडबुडे पंख्याच्या पात्यांवर, जास्त दाबाच्या जागी, फुटतात; खडखड त्यांची. काही आठवडे असं चालवलं की पात्याला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात. व्हॉल्व्ह अर्धा बंद केल्यावर प्रवाह घटला, घर्षण घटलं आणि पंपाच्या तोंडाशी दाब परत आला. म्हणून तो शांत झाला.

गेजची तपासणी

हिशेब कागदावर ठेवून चालत नाही, म्हणून सक्शनच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा दाब किती कमी झाला ते दाखवणारं घड्याळ, बसवला. एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर पारा. सकाळी काटा ४९० वर उभा राहिला, म्हणजे ६.६५ मीटर. टेपने मोजलेली उंची १७ फूट, ५.२ मीटर. मधला जवळपास दीड मीटर पाइप आणि फुटबॉल खात होते. बाराच्या आधी काटा सरकत ५४० पर्यंत गेला, तिथे थरथरत राहिला, आणि पाणी तुटताच सरळ शून्यावर पडला.

गेजच्या तबकडीवर ७६० पर्यंत खुणा असल्या, तरी या गावात ७०० च्या पुढे काटा जाऊच शकत नाही. हे माहीत नसलं तर माणूस उगाच पंपात दोष शोधत बसतो.

गेज घेतला की तीन दोष वेगळे ओळखता येतात. पाणी वर असूनही काटा उंच असेल तर जाळी तुंबलेली किंवा पाइप अरुंद आहे. पाणी खोल असूनही काटा वर चढतच नसेल तर सांध्यातून किंवा ग्लँडमधून (पंपाच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा शिरते आहे. काटा आणि मोजलेली उंची दोन्ही बरोबरीने वाढत असतील तर पंपात काही दोष नाही, पंप चुकीच्या उंचीवर बसला आहे. इथे तिसरी गोष्ट होती, थोडी पहिलीची भर घालून.

हवेची शंका फेडण्यासाठी मोटर बंद ठेवून तोटीच्या काठोकाठ पाणी भरलं आणि दहा मिनिटं वाट पाहिली. पातळी उतरली नाही, सांध्यांना ओल आली नाही. ही चाचणी फुकट होते आणि ती सगळ्यात आधी व्हायला हवी होती.

समोरचे पर्याय

साडेसातची मोटर बाद झाली. मंजूर जोडभार ५ एचपीचा होता, तो मुद्दाही होताच.

जेट पंपाचा विचार फार झाला नाही. त्यात बरंचसं पाणी खाली फिरवण्यातच जातं, तेवढ्या विजेत भुईमुगाला पुरेल एवढी धार मिळत नाही.

सक्शन तीन इंची करणं हा स्वस्त पर्याय. ८ लिटरला घर्षण २.१ वरून सुमारे ०.८५ मीटरवर येतं आणि पूर्ण प्रवाहाची मर्यादा साडेतेरावरून साडेसतरा फुटांवर जाते. पण पाणी तुटण्याची मर्यादा २२ वरून जेमतेम २३ होते, कारण कमी प्रवाहाला घर्षण मुळातच थोडं असतं. मोठा पाइप धार वाढवतो, खोली फारशी वाढवत नाही. पाइप विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणाऱ्याचा मग हिरमोड होतो.

मोटर विहिरीत खाली उतरवणं. १५ फुटांवर खडकाचा टप्पा होता. पंप तिथे ठेवला तर हवेला पाणी ढकलायचं अंतर १५ फुटांनी घटतं. पाणी रानापर्यंत चढवण्याची एकूण उंची तीच राहते, म्हणून ५ एचपीच पुरते. धोका पाण्यात बुडण्याचा आणि ओल्या जागेतल्या विजेचा.

ओपनवेल सबमर्सिबल. ती पाण्यातच बसते, पाणी मागून ढकलते, सक्शनचा प्रश्नच उरत नाही. अडचण पैशाची आणि वेळेची होती. सोसायटीचं कर्ज जूनशिवाय मिळणार नव्हतं.

काय केलं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीन इंची सक्शन बसवली. पंपाचं तोंड अडीच इंची असल्याने रिड्यूसर लागला. फिटरने साधा, दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता रिड्यूसर आणला होता. आडव्या पाइपात तो लावला की वरच्या कोपऱ्यात हवा साठते आणि पंप मधूनमधून अडखळतो. तो परत करून एका बाजूने सपाट असलेला आणला आणि सपाट बाजू वर ठेवली. आडवा तुकडा पंपाकडे किंचित चढता ठेवला. दोनपैकी एक बेंड काढला. २० फुटांवर ड्रम ३१ सेकंदांत भरू लागला; जुन्या पाइपावर त्याच पातळीला ४० लागत होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळचंच पाणी २३ फुटांवर गेलं आणि अपेक्षेप्रमाणे मोटर थांबली. मग टप्प्यावर दोन लोखंडी चॅनेल खडकात गाडून त्यावर मोटर बोल्टने आवळली. तिपाई आणि चेन कप्पीने उतरवली, त्याच कप्पीने वर घेता यावी म्हणून तिपाई तिथेच ठेवली. स्टार्टर काठावरच राहिला, अर्थिंगची वायर वेगळी ओढली आणि गळती होताच लाइन तोडणारा ब्रेकर लावला. मोटर चालू असताना कोणीही खाली उतरायचं नाही, हा नियम थोरल्याने घातला आणि पाळला.

पहिल्याच दिवशी एक गडबड झाली. पंप १५ फूट खाली गेल्याने डिलिव्हरी पाइपाच्या तळाशी दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.४५ किलोने वाढला आणि जुनं पीव्हीसी कपलिंग निसटलं. शिवाय मोटर बंद करताच वरचा सगळा स्तंभ मागे येऊन फुटबॉलवर आदळत होता, दणका हाताला जाणवायचा. कपलिंगच्या जागी बोल्टने आवळायचा फ्लँज आणि पंपाच्या लगेच पुढे पाणी मागे येऊ न देणारा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवला. हा व्हॉल्व्ह मोटर उतरवतानाच लावायला हवा होता.

परिणाम

सकाळी सक्शनची उंची ८ फूट, तीन तासांनी पातळी २९-३० फुटांवर गेली तरी १५ फूटच. ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत २५-२६ सेकंदांत. तासाला आता अडीच फूट पाणी उतरू लागलं. मोटर खाली नेल्याने झरे वाढत नाहीत. विहिरीत साठलेलं पाणी पूर्वी पोहोचत नव्हतं, ते आता मिळालं एवढंच. रोज तीन तास, मग थांबायचं, असं वेळापत्रक ठरलं. भुईमुगाच्या पाळ्या सलग मिळाल्या. पाटाच्या टोकाचा तीन गुंठ्यांचा कोपरा मात्र मार्चमध्येच तापला होता, तिथे शेंगा पोचट निघाल्या.

मेमध्ये वळीव झाला. विहिरीच्या एका बाजूचा कठडा पडलेला असल्याने रानातलं पाणी त्या वाटेने आत आलं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर पाणी, आणि या विहिरीला त्यातून ११ फूट उंची मिळते. रात्रीतून पातळी ३० वरून १९ फुटांवर आली, मोटरीच्या ४ फूट खाली. मोटर उतरवली त्याच दिवशी भिंतीवर १९ फुटांना लाल रंगाची खूण केली होती: पाणी इथे आलं की मोटर वर. सकाळी सातला कप्पीने मोटर काठावर घेतली. खूण नसती तर "बघू, संध्याकाळी" झालं असतं, आणि दुसरा वळीव त्याच रात्री आला.

काय वेगळं करता आलं असतं

टेप आधी काढायला हवी होती. पहिल्या दिवशी सकाळी आणि दुपारी पंपापासून पाण्याचं अंतर मोजलं असतं, तर पोतं, शेणकाला आणि साडेसातची मोटर हे सगळं टळलं असतं. जवळपास दहा दिवस वाचले असते आणि तो कोपराही वाचला असता.

तीन इंची पाइपाबद्दल दोन मतं होऊ शकतात. एप्रिलमध्ये मोटर खाली न्यावीच लागणार हे हिशेबावरून मार्चमध्येच दिसत होतं. मग थेट मोटरच उतरवली असती तर एक काम वाचलं असतं. आमच्या मते पाइपाचा खर्च वाया गेला नाही: टप्प्यावरही तोच पाइप कापून वापरला आणि मोटर वर घेतल्यावर १९-२० फुटांवर तोच उपयोगी पडला. पण दोन्ही कामं एका खेपेत करणं जास्त शहाणपणाचं होतं.

पडका कठडा मात्र सरळ दुर्लक्ष होतं. विहिरीत मोटर ठेवायची तर आधी बाहेरचं पाणी आत येण्याची वाट बंद करायची, हे पाइपाच्या आधीचं काम.

पुढच्या हंगामासाठी ५ एचपीची ओपनवेल ठरली आहे. विहिरीतली चढण १० मीटर, रानाची चढण १२, पाइपातलं घर्षण ६, मिळून २८ मीटरचा हेड सांगून ती घ्यायची. फक्त "पाच एचपी द्या" म्हणून नाही. तळापासून दोन फुटांवर स्टँडवर, कारण तळाला गाळ आहे. उतरवायची ती नायलॉनच्या दोराने, केबलला लोंबकळून नाही. स्टार्टरला कोरडी चालल्यास बंद करणारी सोय हवी, कारण मेअखेर विहीर तळ गाठते. जुना मोनोब्लॉक शेततळ्यावर जाणार आहे. तिथे पाणी पंपापासून सहा फुटांच्या खाली कधी जात नाही.